शपथ सुटली म्हणा

धुळ्यात ज्यांच्या घरात आम्ही भाड्याने राहिलो, त्या घरमालकांबद्दल लिहायचे बरीच वर्षे मनात आहे. लिहिले नाही, कारण त्यांच्याबद्दल माझे काही ठरत नव्हते. आजही ठरलेले नाही. मी पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेत आहे. बेरीज झाली की ताळा करून पाहायचा आणि जुळला तरच सही करायची, हे माझे रोजचे काम. या गृहस्थांचा ताळा मला कधी जुळवता आला नाही. तेव्हा जे पाहिले तेवढे सांगतो.

सगळे त्यांना आबा म्हणत. अंगाने किरकोळ, डोक्यावर पांढरी टोपी, सदऱ्याची गळ्यापर्यंतची सगळी बटणे लावलेली. कापसाच्या जिनिंगमधल्या नोकरीतून निवृत्त झाले होते. मी खोली पाहायला गेलो तेव्हा ते ओट्यावर बसून वर्तमानपत्राची घडी घालत होते. किल्ली हातात देण्याआधीच म्हणाले, "छत गळतं."

"कुठे?"

"जिथे तुम्ही खाट टाकाल तिथेच. आधीच्यांनीही तिथेच टाकली होती. नळाला पाणी दिवसाआड येतं. खालच्या खोलीत वरचं भांडण ऐकू येतं, शब्दन् शब्द. आमची ही ऐकत नाही म्हणते, पण ऐकते."

मी हसलो. ते हसले नाहीत. "तुम्ही विचाराल की हा माणूस स्वतःच्या घराची बदनामी का करतो," ते म्हणाले. "मी शपथेवर आहे."

मला वाटले, कसले तरी व्रत असेल. श्रावण चालू होता, कोणी मीठ सोडते, कोणी चप्पल. आतून त्यांच्या पत्नी आल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. कपाळावर मोठे कुंकू, हातात पाण्याचा तांब्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "त्यासनं मनवर लेऊ नका भाऊ. खोल्या चांगल्या शेतस." मग नवऱ्याकडे वळून, "छत गये पावसायामा. आठ महिने काय गये का? ते बी सांगा ना."

आबांनी मान हलवली. "ते खरं आहे. आठ महिने गळत नाही."

आम्ही ती जागा घेतली.

त्या शपथेची हकीकत मला नंतर कळली, आणि खुद्द आबांकडूनच कळली. ते शपथेवर असल्यामुळे ती खरी धरायला हरकत नसावी. शेजारच्या घरात दोघे सख्खे भाऊ राहत. बोळातली सामाईक भिंत एकाने पाडली आणि दुसरा कोर्टात गेला. भिंत पडताना आबांनी पाहिली होती, म्हणून साक्षीला त्यांना बोलावणे आले. पिंजऱ्यात उभे केल्यावर कोर्टातल्या कारकुनाने विचारले, "ईश्वराची शपथ घेता की प्रतिज्ञा करता?"

आबांनी विचारले, "दोघांत फरक काय?"

न्यायाधीश म्हणाले, "कायद्याने काही फरक नाही."

"मग दोन कशाला ठेवल्या?"

वकील हसले. न्यायाधीशही हसले असावेत, कारण त्यांनी रागावून काही म्हटल्याचे आबांना आठवत नव्हते. शेवटी आबांनी ईश्वराची घेतली. त्याचे कारण त्यांनी मला असे सांगितले, "साहेबांची बदली होते. ईश्वराची होत नाही."

साक्ष सुरू झाली. भिंत कोणी पाडली ते आबांनी सांगितले. उलटतपासणी निम्मी झाली आणि कोर्टाची वेळ संपली. तेव्हा न्यायाधीश म्हणाले, "राहिलेली साक्ष पुढच्या तारखेला. आणि लक्षात ठेवा, तुम्ही अजून शपथेवर आहात."

पुढच्या तारखेला वकील आले नाहीत. त्याच्या पुढच्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. मग त्या दोघा भावांच्या बहिणीचे लग्न निघाले, मांडवात दोघे एकमेकांच्या गळ्यात पडून रडले आणि दावा मागे घेतला गेला. आबांना पुन्हा कोणी बोलावले नाही.

"म्हणजे साक्ष पुरी झालीच नाही," आबा मला म्हणाले. "झाली का?"

"नाही," मी म्हणालो.

"आणि शपथेवर आहात असं साहेब म्हणाले ते म्हणाले. नाही असं नंतर कोणी म्हणालं नाही. मग मी कुठे आहे?"

मी आधी नियम आठवून पाहिले, मग साधी समजूत वापरून पाहिली. दावाच नाही तर साक्ष कुठली आणि साक्ष नाही तर शपथ कुठली, असे म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "लहानपणी तुम्हाला कोणी शपथ घातली तर काय करायचात?"

हे आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. 'तुला माझ्या गळ्याची शपथ' असे कोणी म्हटले की पाय जागच्या जागी अडकायचे. मग ज्याने घातली त्याच्या मागे लागायचे, 'सुटली म्हण, सुटली म्हण.' त्याने 'सुटली' म्हटले की मोकळे. दुसऱ्या कोणी म्हणून चालत नसे.

"तसंच," आबा म्हणाले. "मला सुटली म्हणालेलं नाही कोणी."

दुसऱ्यांच्या शपथांच्या बाबतीतही त्यांचे असेच होते. गल्लीत एक भाजीवाली येई. मेथीची जुडी पुढे करून ती म्हणे, "ताजी शे आबा, कानबाईनी आन!" कानबाई हे आमच्या खान्देशातले घरोघरचे दैवत. त्या नावाने आण घेतली की आबा जुडी तशीच धरून उभे राहत. "सुटनी म्हन."

"काय कटकट शे ओ आबा! मेथी ल्या ना."

"आधी सुटनी म्हन. दिवसभर गल्लोगल्ली आन लिसन फिरशी का?"

"सुटनी, सुटनी, सुटनी! आते तरी ल्या!" आणि मग ती मोठ्याने सांगे की कालची शे पण चांगली शे. आबा जुडी घेत.

या वागण्याचा त्रास होई, होत नसे असे नाही. माझ्या पत्नीने पहिल्यांदा शेवभाजी करून खाली पाठवली, तेव्हा आबा वाटी परत करायला स्वतः वर आले आणि म्हणाले, "मीठ जास्त होतं. शेव चांगली होती, पण ती विकतची." पत्नी पुढे महिनाभर खाली काही पाठवीना. समोरच्या घरातल्या मुलाची चौकशी करायला पारोळ्याकडचे पाहुणे आले, तेव्हा ते नेमके आबांच्या ओट्यावर टेकले.

"पोरगा दारू पितो का?"

"माझ्यासमोर पीत नाही."

"म्हणजे पितो?"

"मी पिताना पाहिलेलं नाही. वास आलेला आहे."

सोयरीक मोडली. समोरच्या बाईंनी ओट्यासमोर उभे राहून आबांचा उद्धार केला आणि पुढे किती तरी दिवस त्या घरातले कोणी आबांशी बोलले नाही. पण गंमत अशी की, लांबलांबची माणसे मुद्दाम आबांकडे चौकशीला येऊ लागली. गल्लीतल्या लग्नाळू मुलांच्या आया पाहुण्यांना दुसऱ्या टोकाने आत आणत.

मी एकदा त्यांना विचारले, "आबा, कोर्टात दोन्ही बाजूंचे साक्षीदार त्याच ईश्वराची शपथ घेतात. त्यातला एक तरी खोटं बोलतोच. तरी कोणाचं काही बिघडत नाही. मग शपथेला अर्थ काय?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला नाही माहीत," म्हणाले. "मला एवढंच माहीत आहे की, मी हात वर केला होता."

ते फार देवभक्त होते म्हणावे तर तसेही नव्हते. सकाळी दिवा लावत, पण काही मागत नसत. अक्का नवस बोलत आणि फेडत. हे दिव्याची वात सारखी करून उठत. त्यामुळे हे देवाला भीत होते की न्यायाधीशाला, की नुसतेच हट्टी होते, ते मला कळत नसे. सोयीचे पडते म्हणून शपथेचे नाव पुढे करतात असे गल्लीतले काही जण म्हणत. त्यात त्यांची सोय काय होती, तेही मला दिसले नाही.

मग अक्का आजारी पडल्या.

आधी अन्न जाईना, मग पोटात दुखू लागले. मुलगा सुरतेला कामाला होता, तो आला. मोठ्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आबांना, मुलाला आणि मला बाजूला घेऊन सांगितले की गाठ आहे, फार पुढे गेलेली आहे, कापून उपयोग नाही. घरी न्या, खायला मागतील ते द्या. जिन्यात उभे राहून मुलाने ठरवले की आईला आतड्याला सूज आहे म्हणून सांगायचे. त्यात चुकीचे काही नव्हते. आपल्याकडे घरोघर तसेच करतात. माझ्या पत्नीलाही तसे सांगून ठेवले. मग मुलगा आबांकडे पाहून म्हणाला, "आबा, तुम्ही काही बोलू नका म्हणजे झालं."

पण बोलायचे नाही म्हणजे जवळ बसायचे नाही, असे त्याचे झाले. अक्कांची खाट पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. आबा ओट्यावर. अक्कांनी हाक मारली की ते पाणी आत ठेवून लगेच बाहेर येत. जन्मभर जी दोघे एका ताटाशी एकमेकांना टोमणे मारत जेवली, त्यांच्यात आता उंबरठा आला. ती विचारील याची त्यांना धास्ती होती. विचारले तर ते काय सांगणार, हे सगळ्यांना माहीत होते.

आणि अक्का त्यांना विचारीत नव्हत्या. मुलाला विचारले, माझ्या पत्नीला विचारले, इंजेक्शन द्यायला येणाऱ्या कंपाउंडरला विचारले, मला तर दोनदा विचारले, "भाऊ, उतार पडी ना?" मी पडेल म्हणालो. त्यांनी मान डोलावली, जशी आपण लहान मुलाच्या उत्तराला डोलावतो. नवऱ्याला मात्र विचारले नाही. माझ्या पत्नीला त्या एकदा म्हणाल्या, "त्या जोडे बसतस नही, वहिनी. माले समजी राह्यनं." आबा जवळ बसत नाहीत त्यावरून त्यांना काय समजत होते, हे पत्नीने विचारले नाही.

मुलगा सुरतेला परत गेला आणि दुसऱ्या दिवशी आबा वर आले. सदऱ्याची सगळी बटणे लावलेली, पायात वहाणा. म्हणाले, "मला शपथ सोडवून घ्यायची आहे. तुम्ही सोबत येता का? कागदपत्राचं काही निघालं तर मला एकट्याला समजायचं नाही."

न्यायाधीशांची बदली कधीच झाली होती, ते कुठे होते ते कळले नाही. पण आबांचे म्हणणे असे की, शपथ न्यायाधीशांनी घातलीच नव्हती. ती त्या कारकुनाने घातली होती, शब्द त्याने म्हटले आणि आबांनी मागून म्हटले. ते कारकून निवृत्त होऊन एरंडोलला आपल्या गावी राहत होते. हे आबांनी आधीच काढून ठेवले होते.

आम्ही निघालो तेव्हा अक्कांनी खाटेवरून विचारले, "कथा जाई राह्यनात सकायमा?"

आबा दारात थांबले. "एरंडोलले. शपथ सोडाले."

अक्का त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "टोपी सवरी ल्या." टोपी खरेच वाकडी झाली होती.

एरंडोलला कारकुनांचे घर सापडायला वेळ लागला नाही. ते बनियन आणि पायजम्यावर होते, अंगणात खाटेवर वाळत घातलेल्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, राखत बसले होते. आबांना त्यांनी ओळखले नाही. आबांनी भिंतीची सगळी गोष्ट सांगितली. ते ऐकत होते, आणि ऐकता ऐकता मान वर करून मधूनमधून माझ्याकडे बघत, की हे गृहस्थ बरे आहेत ना. शेवटी म्हणाले, "अहो, मी हजारो लोकांना शपथ दिली. सोडवायला परत आलेला एक नाही."

"त्यांची साक्ष पुरी झाली असेल," आबा म्हणाले.

"आणि तुम्ही घेतलीत ईश्वराची. मी आपला म्हणून दाखवणारा. ईश्वराची घेतली तर त्याच्याकडून सोडवा. हे इथे पद्मालय जवळ आहे, गणपतीपुढे नारळ फोडा आणि मोकळे व्हा."

"नाव ईश्वराचं होतं. घातली तुम्ही. ज्याने घातली त्यानेच सोडवायची."

कारकून हसले. "बरं. पण एवढ्या वर्षांनी आत्ताच काय अडलंय तुमचं?"

मला वाटले, आबा काही तरी थातुरमातुर सांगतील. पण ते अजून शपथेवरच होते. "बायकोशी खोटं बोलायचं आहे," ते म्हणाले. "ती वाचायची नाही. आणि तिने मला विचारलं तर खरं सांगावं लागेल."

आत भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. कारकुनांनी बिबड्यांवरचा हात काढला. मग म्हणाले, "थांबा, शर्ट घालून येतो."

शर्ट घालून, टोपी घालून ते बाहेर आले. आबा त्यांच्यासमोर उभे राहिले. हात वर करायचा की नाही ते दोघांनाही ठाऊक नव्हते. आबांनी अर्धवट वर केला. कारकून कोर्टात बोलतात तशा सुरात म्हणाले, "सुटली."

आबांनी हात खाली घेतला. मग कारकून मला हळूच म्हणाले, "बाकीच्यांच्या आपोआप सुटल्या असतील का हो?"

परतीच्या एसटीत आबांनी सराव करून पाहिला. शेजारच्या प्रवाशाने विचारले, "कुठले पाव्हणे?" आबांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "चाळीसगाव."

"अरे वा! चाळीसगावात कुठे?"

आबांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "स्टेशनजवळ," ते म्हणाले.

"कोणत्या अंगाला? माझी सासुरवाडी आहे तिथं."

आबा खिडकीबाहेर पाहू लागले ते धुळे येईपर्यंत. मला काळजी वाटली. या माणसाला सवलत मिळाली होती, पण ती वापरायची कशी हे त्याला येत नव्हते.

घरी आलो तेव्हा माझी पत्नी अक्कांजवळ बसली होती. अक्का उशीला टेकून उठून बसल्या. मी मनात म्हटले, आता हे सुटली म्हणून सांगतील, आणि मग हवे ते बोलायला मोकळे.

"भेटना का तो मानूस?" अक्कांनी विचारले.

आबा उंबरठा ओलांडून आत गेले आणि खाटेच्या कडेवर बसले. किती तरी दिवसांनी बसले. "नही भेटना," म्हणाले.

मी त्यांच्या पाठीशीच उभा होतो, तोंड उघडले. आबांनी माझ्याकडे न बघता हात पाठीमागे करून माझा पंजा घट्ट दाबला.

"म्हंजे शपथ शेच अजून?"

"शेच."

"बरं व्हयनं," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी पदर सारखा केला आणि सरळ नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. "मंग आते सांगा. मी बरी व्हसू का?"

"व्हशी," आबा म्हणाले. आवाज हलला नाही. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पुन्हा म्हणाले, "व्हशी. दिवाईले तू सोता अनारसा करशी."

अक्का काही वेळ त्यांच्याकडे पाहत होत्या. मग माझ्या पत्नीला म्हणाल्या, "वहिनी, भूक लागनी. काही शे का वर?" पत्नीने धावत जाऊन खिचडी आणली. अक्कांनी चार घास खाल्ले. आबांनीही त्याच ताटात खाल्ले आणि मीठ जास्त आहे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अक्का पत्नीला म्हणाल्या, "मी बरी व्हसू. या मानूसले खोटं बोलता येस नही." पत्नी म्हणते की हे बोलताना त्या हसत होत्या. कशाला हसत होत्या ते तिला कळले नाही. मी बऱ्याच प्रकारे विचार करून पाहिला आहे. त्यांना खरे वाटले असेल. किंवा खोटे आहे हे पहिल्याच शब्दाला ओळखून, ते नवऱ्याला जमले म्हणून हसल्या असतील. दोन्ही धरून पाहतो, दोन्ही बरोबर वाटतात. त्यानंतर आबा शेवटपर्यंत त्यांच्या उशाशी बसून होते एवढे नक्की. दिवाळीआधीच अक्का गेल्या.

भेटायला येणाऱ्यांत अक्कांची मावसबहीण होती. तिने रडत विचारले, "शेवटले तरास व्हयना का ओ?" आबा म्हणाले, "व्हयना. भलता व्हयना." ती आणखीच रडू लागली. मला राग आला. नाही म्हणायला काय हरकत होती? आता तर ते मोकळे होते. पुढेही त्यांचे तसेच चालू राहिले. पाहुणे चौकशीला येत आणि आबा वास येतो ते सांगत. भाजीवालीकडून 'सुटनी' वदवून घेत.

माझी जळगावला बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढत होते तेव्हा मी त्यांना निरोपाचा नमस्कार केला आणि म्हणालो, "आबा, एक विचारू? एरंडोलला तुमची शपथ सुटली. मी समोर होतो. मग आता हे कशाला?"

ते ओट्यावर सरकले आणि मला बसायला जागा केली. "तिला मी काय सांगितलं?"

"सुटली नाही म्हणून."

"त्या दिवशी मी तिच्याशी दोन गोष्टी बोललो. बरी होशील म्हणालो, ते काही माझ्या हातात नव्हतं. शपथ सुटली नाही म्हणालो." त्यांनी टोपी झटकून डोक्यावर घातली. "हे माझ्या हातात आहे."

तेवढ्यात एक तरुण जोडपे पत्ता विचारत ओट्यापाशी आले. वरच्या खोल्या रिकाम्या होतात असे त्यांना कळले होते. नवरा म्हणाला, "आजोबा, जागा कशी आहे?"

आबांनी किल्ली मुठीत धरली आणि त्याच्याकडे नीट पाहिले.

"छत गळतं," ते म्हणाले.